जीएनएम झालंय आणि आता सायकॉलॉजी पण करायचंय? कोल्हापुरात राहून हे कसं जमवायचं ते पायरीपायरीनं सांगते

मागच्या महिन्यात नाइट संपवून बाहेर चहा घेत होतो तेव्हा एक ज्युनिअर सिस्टर म्हणाली, "ताई, माझं जीएनएम झालंय, आता बीए सायकॉलॉजी करतो आणि नर्सिंग सोडून सरळ कौन्सिलिंग सेंटर टाकतो, चालंल न्हवं?" मी तिला सांगितलं, सोडू नको बाई. नर्सिंगचं रजिस्ट्रेशन ही तुझी भाकरी आहे आणि सायकॉलॉजी हे कोरड्यास. नुसत्या कोरड्यासानं पोट भरत नाही. तिला ते पटलं की नाही माहीत नाही पण तेव्हापासून हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं डोक्यात होतं, कारण मी स्वतः याच वाटेनं आले, आधी जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंगचा डिप्लोमा, मग मेडिसिन वॉर्ड, मग रेग्युलर बीए, आणि आता मानसोपचार आणि व्यसनमुक्तीच्या वॉर्डात. या वाटेवर कोणता दगड कुठं आहे ते मला ठेचा लागून कळलंय.

आधी हातात नेमका कोणता कागद आहे ते बघा

आपल्याकडं सगळ्यांनाच सिस्टर म्हणतात पण कागद वेगवेगळे असतात. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. आणि गल्लोगल्ली सहा महिन्यांचे, वर्षाचे 'नर्सिंग' कोर्स पण चालतात, त्यातल्या पोरी कामाला चांगल्या असतात पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमधे त्यांची नोंद होत नाही आणि नोंद नाही म्हणजे कायद्यानं नर्स नाही, त्यामुळं त्याच्यावर सायकॉलॉजी जोडून फार काही हाताला लागत नाही, आधी एएनएम किंवा जीएनएमला ॲडमिशन घ्या.

एएनएम आणि जीएनएम मधला फरक या विषयात लई महत्त्वाचा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ (लागू झाला २९ मे २०१८ पासून) यात मेंटल हेल्थ नर्सची व्याख्या दिलीय, जनरल नर्सिंगचा डिप्लोमा किंवा डिग्री, किंवा सायकियाट्रिक नर्सिंगचा डिप्लोमा किंवा डिग्री, आणि राज्याच्या कौन्सिलकडं नोंदणी. म्हणजे बघा, जीएनएम झालेली आणि नोंदणी असलेली पोरगी सायकॉलॉजीचं एक पान न वाचता सुद्धा या व्याख्येत बसते, आणि एएनएम बसत नाही. याच कायद्यात राज्याच्या प्राधिकरणाला मेंटल हेल्थ नर्सेस, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर यांची मेंटल हेल्थ प्रोफेशनल म्हणून नोंदणी करायचं काम दिलंय. हे आपल्या नर्सिंगच्या मुलींना कोण सांगतच नाही. म्हणून एएनएम असाल आणि वय, घर, पैसा जमत असेल तर सायकॉलॉजीच्या आधी जीएनएम करा, माझं मत स्पष्ट आहे.

काहीजणी इंटरनेटवर अमेरिकेतलं एलपीएन आणि सायकॉलॉजी असं वाचून येतात. तिथलं एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स) म्हणजे साधारण वर्षाचा कोर्स, मग एनसीएलईएक्स-पीएन परीक्षा, आणि काम रजिस्टर्ड नर्सच्या किंवा डॉक्टरच्या हाताखाली. तिथं दुसऱ्या विषयातली डिग्री असली तर कमी वेळात होणारं बीएसएन, म्हणजे तिकडची नर्सिंगची डिग्री, मिळतं, म्हणून तिकडं ती जोडी चालते. आपल्याकडं बीए सायकॉलॉजीमुळं नर्सिंगची वर्षं कमी होत नाहीत. जीएनएम वाल्यांना पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांचं आहे, त्याला तुमचं बीए असो नसो काही फरक पडत नाही. तेव्हा तिकडचा हिशोब इकडं लावू नका.

रजिस्ट्रेशन जिवंत ठेवा

कौन्सिलचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करायचं असतं आणि त्याला सीएनईचे (नर्सच्या चालू शिक्षणाचे) क्रेडिट लागतात. बीएच्या तीन वर्षांत नोकरी सुटते, कॉन्फरन्स वर्कशॉप मागं पडतात आणि मग तारीख उलटून जाते. मी फायनल इयरला असताना माझी तारीख अशीच उलटणार होती, शेवटच्या महिन्यात धावपळ करून क्रेडिट गोळा केले. लग्नानंतर नाव बदललं असेल तर नर्सिंगच्या कागदावर एक नाव आणि बीएच्या मार्कशीटवर दुसरं असं होऊ देऊ नका, कॉलेजला ॲडमिशन घ्यायच्या आधीच ठरवा कुठलं नाव चालवायचं. कागदपत्र तपासणीच्या टेबलावर यावरनं रडलेल्या दोघीजणी मी बघितल्यात.

लगेच बीएला पळू नका, आधी वॉर्ड

निदान दीड-दोन वर्षं मेडिसिन, आयसीयू किंवा कॅज्युअल्टी करा. एकतर पोस्ट बेसिक सायकियाट्रिक डिप्लोमाला पुढं जायचं झालं तर स्टाफ नर्सचा अनुभव मागतात, आणि दुसरं म्हणजे शरीर कळल्याशिवाय मन कळत नाही. पल्स, बीपी, शुगर, सोडियम हे हाताखालून गेलं की मग पुस्तकातलं डोक्यात बसतं.

डिग्री: इथं सगळ्यात जास्त पोरी फसतात

आधी काय व्हायचं, नोकरी करत करत लोक इग्नूमधून किंवा दुसऱ्या मुक्त विद्यापीठातून सायकॉलॉजी करायचे. आता ते दार बंद झालंय. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या कायद्यात सायकॉलॉजी येतं आणि म्हणून यूजीसीनं जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून डिस्टन्स आणि ऑनलाइन पद्धतीनं सायकॉलॉजीच्या नवीन ॲडमिशन बंद केल्यात. तरी पण "घरबसल्या सायकॉलॉजी डिग्री" असे फोन येतात, बॅनर लागतात. पैसे भरायच्या आधी एवढंच विचारा की सत्र कुठलं आणि यूजीसीची मान्यता कुठाय. तिथंच समोरचा गडबडतो.

म्हणजे रेग्युलर करायचं. आपलं शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, कोल्हापूर सांगली सातारा तिन्ही जिल्ह्यातली कॉलेजं त्याला जोडलेली, त्यामुळं गडहिंग्लजची असो की इचलकरंजीची, कुणाला पुण्याला जायची गरज नाही. पण कॉलेजच्या ऑफिसात जाऊन तीन गोष्टी विचारा.

पहिली, सायकॉलॉजी मेजर म्हणजे मुख्य विषय म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत आहे का. नवीन शैक्षणिक धोरणात मेजर मायनर असतंय आणि काही ठिकाणी सायकॉलॉजी पहिल्या वर्षाला मिळतं, पुढं मायनरच, म्हणजे दुय्यम विषय, राहतं. मायनर घेऊन एमए सायकॉलॉजीच्या दारात गेलात तर अडणार. दुसरी, प्रॅक्टिकल होतात का, लॅब आहे का, टेस्टचं साहित्य आहे का की नुसतं जर्नल उतरवून घेतात. तिसरी, तास कधी असतात. आर्ट्सचे तास बहुतेक सकाळी असतात आणि हेच आपल्या फायद्याचं, दुपारनंतर ड्युटी करता येते.

आता ड्युटीचं सांगते. मी पहिल्या वर्षाला नाइट करून सकाळी आठला सुटून तशीच केएमटीच्या बसनं कॉलेजला जायचे, दोन महिन्यांत वर्गात डोळे मिटायला लागले आणि एकदा औषधाचा डोस काढताना हात थांबला, दोनदा वाचलं तरी कळेना. त्या दिवशी ठरवलं की हे चालायचं नाही, पेशंटच्या जिवाशी खेळ होतोय. मग इनचार्ज सिस्टरांशी बोलून इव्हिनिंग पक्की करून घेतली, पगार कमी झाला, पण जमलं. तुम्ही पण आधीच मोकळेपणानं बोला, लपवून करू नका, हजेरीचा नियम कॉलेजवाले पाळतात आणि ड्युटीचा रोस्टर हॉस्पिटलवाले पाळतात, मधे तुमचं सँडविच होतंय. हॉस्पिटल छोटं असेल तर आठवड्याला चारच ड्युट्या असं पण ठरवता येतं. जीएनएम आणि बीए एकदम करायचा प्रयत्न मात्र करू नका, नर्सिंग स्कूलची पूर्ण वेळ हजेरी आणि क्लिनिकल पोस्टिंग असतं, शक्यच नाही. फीचं म्हणाल तर महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधनं आधी काढून ठेवा.

विषयातलं म्हणाल तर स्टॅटिस्टिक्सला सगळ्या घाबरतात, पण ड्रिप रेट काढणाऱ्या बाईला मीन आणि एसडी काय अवघड नाही. ॲबनॉर्मल सायकॉलॉजी, हेल्थ सायकॉलॉजी आणि कौन्सिलिंगचे पेपर मात्र नुसते पास व्हायला वाचू नका.

पुस्तक आणि वॉर्ड एकत्र कसं करायचं

या लेखातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. नुसतं सायकॉलॉजी शिकलेल्याला जे दिसत नाही आणि नुसत्या नर्सिंगला जे ऐकू येत नाही ते दोन्ही तुम्हाला कळायला लागतं.

ऑर्थोच्या वॉर्डात मोटारसायकलवरनं पडून पाय मोडलेला माणूस. पहिला दिवस बरा, तिसऱ्या रात्री अंगावर मुंग्या चालल्यात म्हणून ओरडतोय, सलाइन उपसून टाकलं, नातेवाईक म्हणतात बाहेरचं काहीतरी झालंय, जोतिबाला नेऊन आणतो. अशा वेळी पहिला प्रश्न एकच, शेवटची दारू कधी घेतली? दारू थांबल्यावर सहा ते चोवीस तासात थरथर, घाम, धडधड सुरू होते आणि दोन-तीन दिवसांनी डिलिरियम ट्रेमेन्स (दारू सुटल्यानं येणारा जोराचा भ्रम) येतो, त्यात माणूस दगावू शकतो. त्याला मारून मुटकून बांधून ठेवणं हा उपचार नव्हे. दारू सुटतानाची लक्षणं मोजायचा सायवा-एआर म्हणून दहा मुद्द्यांचा स्कोर आहे तो शिकून घ्या, आकडा काढून डॉक्टरला फोन करा, "पेशंट त्रास देतोय" असं सांगण्यापेक्षा "पल्स १३०, घाम आहे, हात थरथरतात, मुंग्या दिसतात, शेवटची दारू साठ तासांपूर्वी" असं सांगितलं की डॉक्टर पळत येतात. थायमिन (व्हिटॅमिन बी-१) ग्लुकोजच्या आधी गेलंय का हे पण विचारा. आणि नातेवाइकांना हिणवू नका, जोतिबाला नंतर सगळे मिळून जाऊया पण आज हे इंजेक्शन गरजेचं आहे असं बोललं की ऐकतात.

डिलिरियम आणि वेड यातला फरक बेडजवळ उभं राहून ओळखता येतो. डिलिरियम अचानक येतो, दिवसभरात कमीजास्त होतो, संध्याकाळी वाढतो आणि लक्ष लागत नाही. आजोबांना वार उलटे म्हणायला सांगा, रविवार शनिवार शुक्रवार. मधेच भरकटले की लघवीचं इन्फेक्शन, सोडियम, शुगर, ऑक्सिजन, नवीन औषध हे बघायचं. आणि ओरडणारा पेशंट सगळ्यांना दिसतो, गप्प पडून राहिलेली म्हातारी कुणाला दिसत नाही, तिला सगळे उदास झाली म्हणतात, तिला पण डिलिरियमच असू शकतो.

दुसरं, विष पिऊन आलेले. आपल्या ऊसपट्ट्यात कीटकनाशक, तणनाशक घराघरात असतंय. ऑरगॅनोफॉस्फेट या जातीचं कीटकनाशक प्यालेला पेशंट ॲट्रोपिन वगैरे देऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शुद्धीत आला, शांत पडलाय, बोलत नाही, तर सायकॉलॉजीवाला म्हणेल खचलाय. तुम्ही आधी त्याला उशीवरनं मान उचलायला सांगा. मान उचलत नसेल तर इंटरमीजिएट सिंड्रोम असू शकतो, एक ते चार दिवसांत येतो आणि श्वास बंद पडू शकतो, तातडीनं डॉक्टर. मान नीट उचलतोय, श्वास चांगलाय, तेव्हा मग खुर्ची ओढून बसा आणि सरळ विचारा, "अजून मरून जावं असं वाटतंय का?" विचारल्यानं डोक्यात विचार घातला जातो हा गैरसमज आहे, उलट माणूस मोकळा होतो. घरच्यांना सांगा, औषधाचे डबे कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चिठ्ठीवर लिहून द्या. आणि त्याला पोलिसांची भीती असते, तर मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणं आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, शिक्षा होत नाही हे शांतपणे सांगा. एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) होते ती वेगळी, त्याला घाबरायचं नाही.

अजून एक लक्षात ठेवा. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड किंवा वॉर्डात हॅलोपेरिडॉल दिल्यावर पेशंट सारखा येरझाऱ्या घालतो, बसवत नाही, पाय हलवतो, तर ती घबराट नसून अकॅथिसिया, म्हणजे औषधामुळं आलेली अस्वस्थता, असू शकतो. घबराट समजून तेच औषध वाढवलं की अजून वाईट. लिथियम या मूडच्या आजाराच्या औषधावरचा पेशंट जुलाब उलट्या लागून आला किंवा गुडघेदुखीच्या गोळ्या खात असेल तर लिथियम लेव्हल वाढते, ०.६ ते १.२ च्या मधे असायला हवी, दीडच्या वर विषबाधा. हे नर्सलाच आधी दिसतं.

बाळंतिणीच्या वॉर्डात असाल तर डिप्रेशन चाळायला एडिनबर्ग स्केलचे दहा प्रश्न, ओपीडीत पीएचक्यू-९ चे नऊ. पीएचक्यूचा शेवटचा नववा प्रश्न आत्महत्येचा, तिथं शून्याच्या वर काही आलं की एकूण बेरीज कमी असली तरी पेशंटला एकटं सोडायचं नाही. ही स्केलं स्क्रीनिंगसाठी आहेत, केस पेपरवर 'डिप्रेशन' असं निदान तुम्ही लिहायचं नाही, स्कोर लिहायचा आणि डॉक्टरला कळवायचं.

२०१९ च्या पुरात पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून कुठल्या कुठं गेली तेव्हा शिरोळकडच्या लोकांच्या छावणीत मी दहा दिवस होते. तिथं कुणाला थेरपी नको होती. बीपीची गोळी पाण्यात गेलेली, म्हैस दावणीला बुडालेली, ते सांगायला कुणीतरी हवं होतं. बघा, ऐका, जोडून द्या, एवढंच सायकॉलॉजिकल फर्स्ट एडचं सूत्र आहे, आणि बीपी बघता बघता माणूस जेवढा बोलतो तेवढा टेबलापलीकडं बसलेल्या कौन्सिलरशी बोलत नाही.

नोकरी कुठं शोधायची

मानसोपचार वॉर्ड आणि व्यसनमुक्ती केंद्रं ही तर आहेतच, कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलच्या आजूबाजूला आणि मिरजेकडं हॉस्पिटलं भरपूर. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, त्यात आपल्याला रत्नागिरी जवळ, आंबा घाट उतरला की झालं. तिथल्या जागा अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून निघतात, म्हणजे तिथं तुमचं जीएनएम चालतं, बीए नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीममधे नर्सचं पद असतंय. आयसीटीसी म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्रातल्या समुपदेशकाच्या पात्रतेत सायकॉलॉजी, सोशल वर्क यांच्याबरोबर नर्सिंगची पदवी पण धरतात. किशोरवयीन मुलामुलींच्या मैत्री क्लिनिकमधे समुपदेशक असतात. म्हणून जिल्हा परिषदेच्या राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिराती दोन्ही नावांनी बघत जा, स्टाफ नर्स आणि समुपदेशक. खाजगीत डायलिसिस युनिट, कॅन्सर हॉस्पिटल, पॅलिएटिव्ह केअर, आणि अवयवदानाचा ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर, या शेवटच्या कामाला नियमात नर्स चालते आणि ब्रेनडेड पेशंटच्या आईबापाशी बोलायला ज्याला शरीर आणि मन दोन्ही कळतं असाच माणूस लागतो.

हे करू नका

बीए काय एमए झालं तरी दारावर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' पाटी लावायची नाही, त्याला आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) मान्य क्लिनिकल ट्रेनिंग आणि आरसीआयची नोंदणी लागते. 'मानसोपचारतज्ज्ञ' तर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण झालेल्या डॉक्टरनी म्हणवून घ्यायचं. मी एका ठिकाणी काम करायचे तिथं मालकानं मला न विचारता माझ्या नावापुढं 'मानसतज्ज्ञ' छापलं होतं. मी ते कार्ड वाटलं नाही आणि महिन्यात ती नोकरी सोडली. पेशंटला झोपेची गोळी स्वतःच्या मनानं द्यायची नाही, ओळखीच्या मेडिकलमधनं पण नाही. पेशंटला बांधायची वेळ आली तर त्याच मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ९७ वाचा, सायकियाट्रिस्टची परवानगी, कमीत कमी वेळ आणि कारणासकट नोंद, शिक्षा म्हणून तर कधीच नाही. ऐकलेलं गावात बोलायचं नाही, कोल्हापूर मोठं दिसतं पण प्रत्येकाची वहिनी कुणाची तरी मावसबहीण असते.

बीएनंतर काय

दोन रस्ते. एक नर्सिंगचा, म्हणजे एक वर्षाचा पोस्ट बेसिक सायकियाट्रिक नर्सिंग डिप्लोमा, किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी करून, त्याच्या आधी किंवा नंतरचा वर्षभराचा अनुभव धरून, मग एमएस्सी सायकियाट्रिक नर्सिंग. दुसरा सायकॉलॉजीचा, एमए आणि मग आरसीआयवाला क्लिनिकल कोर्स, त्याच्या जागा थोड्या, स्पर्धा खूप, वर्षं जास्त. घरची जबाबदारी असलेल्या बाईला मी पहिलाच रस्ता सांगते, तो तुमच्या असलेल्या नोंदणीवर उभा राहतो आणि मधे कमाई थांबत नाही. ज्याला खरंच थेरपीच करायचीय आणि चार-पाच वर्षं काढायची तयारी आहे त्यानं दुसरा धरावा, पण मग अर्धवट सोडू नये.

बायोडेटात वर नर्सिंगचा नोंदणी क्रमांक, त्याखाली वॉर्डाचा अनुभव, मग बीए. इंटरव्ह्यूला "दोन-दोन कशाला केलं?" हा प्रश्न येणारच. तेव्हा मला आवड आहे वगैरे सांगत बसू नका, एक केस सांगा, नाव गाव न सांगता, तुम्ही काय बघितलं, काय विचारलं, डॉक्टरला काय कळवलं. मी तो ऑर्थोचा मुंग्यावाला पेशंट सांगितला होता. मेट्रन मॅडमनी फाईल मिटवली आणि विचारलं, सोमवारपासून येतीस का.